जय मल्हार : दोन राण्यांचा देव आणि दूरचित्रवाणीचे एकपत्नी प्रेम

दूरचित्रवाणीवरील मालिकांची समीक्षा करण्याचा प्रघात आपल्या वाङ्मयीन नियतकालिकांत रुजलेला नाही. कविता, कादंबरी, नाटक, फार तर चित्रपट, एवढ्यावर आपली समीक्षा थांबते. मालिका ही घरातील स्त्रियांनी आणि निवृत्त मंडळींनी संध्याकाळी पाहावयाची वस्तू, असे आपण मनाशी ठरवून टाकलेले असते. परंतु १८ मे २०१४ पासून १५ एप्रिल २०१७ पर्यंत, जवळजवळ तीन वर्षे, ज्या कथेने ऐन दिवेलागणीच्या वेळी मराठी घरांत ठाण मांडले, ती कथा जर खुद्द खंडोबाची असेल, आणि वाचक जर होळकरांच्या इंदुरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेला असेल, तर तिची दखल न घेणे हे अभिरुचीचे लक्षण नसून आळसाचे आहे. म्हणून झी मराठी वाहिनीवरील ‘जय मल्हार’ या मालिकेविषयी, ती संपून काही वर्षे लोटल्यावर, थोडे सविस्तर लिहीत आहे. तिचा प्रत्येक भाग पाहिल्याचा दावा नाही. तसा दावा करणाऱ्याच्या सहनशक्तीपुढे मी नतमस्तक होईन.

या मालिकेला ‘पौराणिक’ म्हणण्याची पद्धत आहे. माझ्या मते तो शब्द तिला नीटसा लागू पडत नाही. पुराण सांगणाऱ्याला देवाचा महिमा सांगावयाचा असतो. येथे महिमा आहे, पण कथेचे खरे बळ प्रीतीत आहे. देव पृथ्वीवर उतरतो, प्रेमात पडतो, वेष पालटतो, चाकरी करतो, रुसवे काढतो. याला आपल्याकडे जुना शब्द आहे, अद्भुतरम्य. हळब्यांची ‘मुक्तामाला’ १८६१ ची, रिसबुडांची ‘मंजुघोषा’ १८६८ ची. मराठी कादंबरी जन्मली तीच मुळी या अद्भुतरम्य प्रीतिकथांच्या पाळण्यात. पुढे १९०२ साली इतिहासाचार्य राजवाड्यांनी ‘कादंबरी’ या निबंधात अद्भुत आणि वास्तव यांचा भेद मांडला, हरिभाऊंनी वास्तवाची वाट रुंद केली, आणि सुशिक्षित मराठी वाचकाने अद्भुताकडे जी पाठ फिरविली ती फिरविलीच. रंगभूमीने मात्र तसे केले नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘सौभद्र’ १८८२ चे. त्यात अर्जुन प्रियेसाठी संन्याशाचा वेष घेतो आणि कृष्ण-रुक्मिणीचा संसार एखाद्या पुणेरी वाड्यातला असावा तसा दिसतो. देवाला घरात आणून बसविण्याची ही जी मराठी हातोटी आहे, तिचाच दूरचा वारसा ‘जय मल्हार’ला लाभला आहे. निर्मिती कोठारे व्हिजनची. महेश कोठारे यांना अद्भुताचे वावडे कधीच नव्हते. ‘धडाकेबाज’ (१९९०) आणि ‘झपाटलेला’ (१९९३) ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हे सांगावयास नको.

आधी मूळ कथेकडे पाहू, कारण मालिकेचे गुणदोष तिच्याशी ताडूनच कळतात. मणी आणि मल्ल या दैत्यांच्या संहारासाठी शिवाने मार्तंडभैरवाचे रूप धारण केले, ही झाली ‘मल्हारीमाहात्म्या’ची संस्कृत कथा. लोककथेला दैत्यवधात तितका रस नाही. तिचे चित्त गुंतले आहे ते दोन विवाहांत. म्हाळसा ही नेवाशाच्या तिमशेट वाण्याची लेक, लिंगायत, सधन, शाकाहारी, चार भिंतींतली. तिचे लग्न पालीला झाले, साताऱ्याकडची पाल. दुसरी बाणाई, म्हणजेच बानू, धनगराची लेक, माळरानावरची, मेंढरांच्या कळपातली. म्हाळसेबरोबर सारीपाट खेळताना देव हरला आणि पणाप्रमाणे बारा वर्षांच्या वनवासाला निघाला. तो मालेगावजवळच्या चंदनपुरीस बानूच्या वाड्यावर वेष पालटून चाकरीला राहिला. मेंढरे राखली, मग ती मारली, मग लग्नाच्या बोलीवर ती उठविली. नळदुर्गला लग्न लागले. आणि देव नव्या राणीला घेऊन जेजुरीला परतला तेव्हा जो कल्लोळ झाला, तो आजही जागरणात वाघ्या-मुरळी दिमडी-तुणतुण्याच्या साथीने रात्रभर रंगवितात.

रा. चिं. ढेरे यांचा ‘खंडोबा’ हा ग्रंथ १९६१ साली आला. त्यानंतर ग्युंथर सोन्थायमर या जर्मन पंडिताने धनगरांबरोबर माळावर हिंडून या दैवताचा अभ्यास केला. या दोघांच्या लेखनाने एक गोष्ट अभ्यासकांपुढे स्पष्ट झाली. खंडोबाच्या दोन बायका ही दोन बायकांची गोष्ट नाही. ती दोन जगांची गोष्ट आहे. एक शेती, बाजारपेठ, व्यापार यांचे स्थिर जग. दुसरे रानावनातून फिरणाऱ्या पशुपालकांचे. देव दोघांचा, म्हणून त्याला दोन घरे. तमिळ देशात मुरुगनाची अशीच जोडी आहे. देवसेना इंद्राची कन्या, रीतसर लग्नाची. वल्ली डोंगरातील शिकाऱ्यांच्या कुळातली, प्रेमाची. तेथेही देव वेष पालटूनच वल्लीकडे जातो. जेजुरीच्या डोंगरावर म्हाळसा गडावर देवाजवळ आहे आणि बाणाईचे देऊळ अर्ध्या वाटेवर, पायऱ्यांच्या मध्यावर आहे. भांडणाचा निकाल देवाने भूगोलात लावून टाकला, असेच म्हणावे लागते. आणि दोघींपैकी कोणी चुकले असे लोककथा म्हणत नाही. जागरणातील म्हाळसा आपल्या कुळाचा, सोवळ्याओवळ्याचा, हातच्या चवीचा अभिमान मिरविते, बाणाईच्या मांसाहाराला नाके मुरडते; बाणाईही गप्प बसणारी नाही. ऐकणारे दोघींनाही दाद देतात. मुरळी म्हाळसेची बाजू जितक्या ठसक्यात मांडते तितक्याच ठसक्यात बाणाईची.

ही समतोल, दोन्ही बाजूंनी न्याय मागणारी कथा रोजच्या मालिकेच्या हाती पडली. काय झाले?

प्रथम जे चांगले झाले ते सांगतो, आणि ते थोडे नाही. पात्रयोजना अचूक होती. देवदत्त नागे यांचा खंडोबा पडद्यावर आला की डोळ्यांना पटत असे. त्यांच्या पिळदार देहाची त्या काळी फार चर्चा झाली, थट्टाही झाली. पण मला त्यांच्या देहापेक्षा त्यांचे थांबणे आवडले. देवाची भूमिका करणारे नट बहुधा सतत काहीतरी करीत असतात, हात उंचावतात, मंद हसतात, भुवया चढवितात. नागे उभे राहत आणि समोरच्याला बोलू देत. सुरभी हांडे यांच्या म्हाळसेत आरंभीच्या काळात एक घरंदाज ताठा होता. रागावलेली असतानाही ती आवाज चढवीत नसे, शब्द तोडून बोले. आणि ईशा केसकर यांची बानू ही तर या मालिकेची सर्वांत मोठी मिळकत. तिच्या येण्याने मालिकेत वारा शिरला.

बानूचे महत्त्व तिच्या अभिनयापुरते नाही. तिची भाषा पाहा. मराठी मालिकांत ग्रामीण बोली कोण बोलते? मोलकरीण, गडी, खलनायक, किंवा विनोदापुरता आणलेला मामा. नायिका प्रमाण मराठीच बोलणार, मग ती सांगलीची असो वा सटाण्याची. येथे प्रथमच एका देवाची राणी, कथेची नायिका, माळावरची बोली बोलली. आणि तिच्या बोलण्यावर हसण्याऐवजी प्रेक्षक तिच्या प्रेमात पडले. तिच्या रांगड्या प्रश्नांपुढे देवाची संस्कृतप्रचुर उत्तरे तोकडी पडताना दिसत, आणि देव ते हसून मान्य करीत असे. आपल्याकडच्या, म्हणजे माळव्यातल्या, मराठी मुलांच्या कानांवर एरवी दोनच मराठी पडतात. एक पुस्तकातली, परीक्षेपुरती. दुसरी घरातली, जिच्यात हिंदी वाक्यरचनेला मराठी प्रत्ययांची ठिगळे जोडलेली असतात. तिसरी, मातीची मराठी त्यांनी ऐकली ती बानूच्या तोंडून. ती खरी धनगरी बोली होती का, हा प्रश्न भाषाशास्त्रज्ञ विचारतील, आणि विचारावाच. ती बऱ्याच अंशी लेखकाने घडविलेली, सर्व महाराष्ट्राला समजेल इतकी सोपी केलेली बोली होती. तरीही.

दृश्यरचनेत हळदीचा वापर मला विशेष उल्लेखनीय वाटला. भंडारा हा खंडोबाच्या उपासनेचा प्राण आहे, आणि पिवळा रंग पडद्यावर सहज भडक होतो. आरंभीच्या भागांत तो काटकसरीने येत असे, कपाळावर, उंबऱ्यावर, घोड्याच्या टापांखाली. आणि म्हणून जेव्हा उधळण होई तेव्हा तिचा परिणाम होत असे. सारीपाटाचा प्रसंगही चांगला रंगला होता. नवराबायकोच्या खेळात लटका राग खरा केव्हा होतो, तो क्षण पकडणे हे सोपे काम नव्हे.

आता दोष. पहिला दोष लांबीचा, आणि तो सर्वच मालिकांचा आहे म्हणून त्यावर फार शब्द खर्च करीत नाही. रात्रभराच्या जागरणात मावणारी गोष्ट तीन वर्षे पुरवायची म्हटल्यावर एक वाक्य तीन चेहऱ्यांवरून तीनदा फिरणार, ढगांचा गडगडाट होणार, आणि मंगळवारी उचललेली पावले गुरुवारी जमिनीला टेकणार. संगणकाने घडविलेली दृश्येही कालांतराने थिटी वाटू लागली. विजा, ज्वाला, तेजोवलये यांचा सुकाळ झाला की अद्भुताचे अद्भुतपण संपते. देवाच्या हातातून प्रकाश निघणे हे एकदा आश्चर्य, दहाव्यांदा दिवाबत्ती.

खरा दोष याहून खोल आहे, आणि तो समजण्यासाठी मला थोडे परदेशात जावे लागते. ‘जय मल्हार’ ज्या वर्षी संपली त्याच २०१७ च्या प्रारंभी चीनमध्ये एक मालिका प्रसारित झाली. तिच्या नावाचा अर्थ साधारण असा : तीन जन्म, तीन जगे, आणि दहा मैल पीचचा बहर. इंग्रजीत तिला ‘इटर्नल लव्ह’ म्हणतात. आपल्या घरातील तरुण मुली अशा चिनी मालिका मोबाइलवर, खालच्या ओळी वाचीत, एकापाठोपाठ एक पाहतात. एका आग्रहाने मलाही ती पाहावी लागली, आणि पाहिल्याचा पश्चात्ताप नाही. तांग छी या लेखिकेच्या कादंबरीवर ती आधारलेली. अठ्ठावन्न भाग. नऊ शेपट्यांच्या कोल्हीणकुळातील देवी बाय छ्येन आणि स्वर्गाचा युवराज ये हुआ यांची ही प्रीती. ती मर्त्य स्त्री होऊन, सु सु या नावाने, आपली ओळख विसरून त्याच्या प्रेमात पडते. स्वर्गात नेली जाते. तेथे तिचे डोळे काढले जातात. ती देवलोकाच्या कड्यावरून उडी टाकते, आणि मूळ देवीरूप परत मिळाल्यावर विस्मरणाचे औषध पिऊन सारे पुसून टाकते. मग तोच पुन्हा भेटतो. यांग मी या अभिनेत्रीने देवी आणि मानवी अशी दोन्ही रूपे इतकी वेगळी केली आहेत की एकाच चेहऱ्याच्या दोन बायका आहेत असे वाटावे.

या चिनी मालिकेचे गुण आपल्या निर्मात्यांनी घ्यावेत असे आहेत. कथेचा शेवट आधी ठरलेला आहे, म्हणून पहिल्या दहा भागांत पेरलेले बीज पन्नासाव्या भागात उगवते. दुःखाला परिणाम असतो. डोळे गेले म्हणजे जातात, पुढच्या आठवड्यात घंटानाद होऊन परत येत नाहीत. दोषही आहेत. नायक मौन पाळतो म्हणूनच निम्मे अनर्थ ओढवतात, आणि हे मौन उदात्त आहे असे आपण मानावे अशी अपेक्षा असते. मात्र तिचा सर्वांत मोठा दोष सु चिन ही दुसरी स्त्री. ती ये हुआच्या महालात आहे, तिलाही तो हवा आहे, आणि केवळ म्हणून ती कपटी, मत्सरी, क्रूर. तिच्या बाजूने एक शब्द बोलायला मालिका तयार नाही. असू शकत नाही. कारण तीन जन्म एकच प्रेम हा त्या कथेचा पाया आहे, आणि ज्या कथेत प्रेम एकच असते त्या कथेत दुसरी स्त्री खोटीच असावी लागते.

येथेच ‘जय मल्हार’चे दुखणे कळते. चिनी मालिकेपुरते ते योग्य होते, कारण तिची गोष्टच तशी आहे. आपली गोष्ट तशी नाही. खंडोबाच्या कथेत दोन्ही बायका खऱ्या आहेत, दोघींचा हक्क खरा आहे, आणि देव दोघींपुढे अपराधी आहे. लोककथेला याची अडचण वाटत नाही. दूरचित्रवाणीला वाटते. तिच्याजवळ प्रीतीचा एकच साचा आहे, एक नायक आणि एक नायिका. उरलेली स्त्री सवत, आणि सवत म्हणजे कारस्थान. बानू घरात आल्यावर काही काळ मालिका या साच्याशी झगडली. म्हाळसेचे दुःख तिने दाखविले, बानूचा संकोच दाखविला. देवाची कुचंबणा सुद्धा एक-दोन प्रसंगांत फार सुंदर उतरली. पण रोज एक भाग द्यायचा असतो. हळूहळू म्हाळसेचा ताठा किरकिरीत उतरला, बानूची निरागसता भाबडेपणात, आणि जेजुरीचा गड हा स्वयंपाकघर व माजघर यांच्यामधल्या दारासारखा झाला. ज्या भांडणात दोन जीवनपद्धती एकमेकींना जोखीत होत्या, ते भांडण कोणावर देवाचे प्रेम जास्त या प्रश्नावर येऊन ठेपले. म्हाळसा मांसाहाराला नाक मुरडते ते का, बाणाईला छपराखाली झोप का येत नाही, धान्य आणि लोकर यांचा व्यवहार ज्या दोन समाजांत होता त्यांनी एकमेकांच्या मुली कधी केल्या नाहीत ते का; हे सारे प्रश्न कथेच्या दारात उभे होते. त्यांना आत घेतले नाही.

मला याची चुटपुट का लागते, हे इंदूरकर वाचकाला समजेल. हे शहर मल्हाराच्या नावाचे आहे. मल्हारराव होळकर १६९३ साली नीरेकाठच्या होळ गावी जन्मले. जेजुरी तेथून दूर नाही. घराण्यातील नावे पाहा : मल्हारराव, खंडेराव, मालेराव, पुढे मार्तंडराव. सगळी कुलस्वामीची. होळकरांच्या टांकसाळीचे नाव मल्हारनगर. नाण्यावर सूर्यमुख, कारण मार्तंड म्हणजे सूर्य. राजवाड्यात मल्हारी मार्तंडाचे देऊळ आहे. जेजुरीच्या गडाची बरीच दगडी बांधणी आणि तेथला तलाव होळकरांचा; तेथल्या मल्हारगौतमेश्वराच्या नावात मल्हाररावांबरोबर गौतमाबाईही आहेत. आणि होळकर धनगर. अहिल्याबाई चौंडीच्या धनगराच्या लेकी. म्हणजे ज्या घराण्याने आपल्या पूर्वजांना येथे बोलाविले, जमिनी दिल्या, दफ्तरे सोपविली, ते बाणाईच्या माहेरचे. आणि लेखणी, चोपडी, सोवळे घेऊन नर्मदेपलीकडे आलेले आपले बहुतेक पूर्वज, ब्राह्मण असोत, प्रभू असोत, वाणी असोत, म्हाळसेच्या बाजूचे. या शहरातील मराठी समाज हा या दोन जगांच्या संसारातून उभा राहिलेला आहे. तो संसार सुखाचा झाला, पण भांडणाशिवाय झाला असे इतिहास म्हणत नाही. दरबारातील मुत्सद्दी आणि शिलेदार यांच्यातील कुरबुरी जुन्या कागदांत आहेत.

मालिका पाहताना आमच्या परिचयाच्या घरांत एक गंमत दिसे. वडीलधाऱ्या स्त्रिया बहुधा म्हाळसेच्या बाजूने. ‘लग्नाची बायको असताना हे काय?’ हा त्यांचा प्रश्न. मुली आणि सुना बानूच्या बाजूने. देवाच्या बाजूने कोणीही नाही. चंपाषष्ठीला वांग्याचे भरीत आणि बाजरीचे रोडगे करून, विषम संख्येने पुरुषांनी तळी उचलून ‘येळकोट’ म्हणणाऱ्या या घरांत बाणाईची बाजू इतक्या मोकळेपणी यापूर्वी मांडली गेली असेल असे मला वाटत नाही. कित्येकांना तिच्या जातीचे, तिच्या कळपाचे, चंदनपुरीचे नावही ठाऊक नव्हते. तळीच्या वेळी म्हाळसेचे नाव घेतले जाई आणि बाणाईचे पुटपुटले जाई. मालिकेने तिला मोठ्याने म्हणायला लावले. हा उपकार मोठा आहे, आणि म्हणूनच त्यापुढची पायरी तिने चढली नाही याचे वाईट अधिक वाटते. ‘येळकोट’ हा शब्द कानडी ‘एळु कोटि’वरून, म्हणजे सात कोटींवरून, आला असे अभ्यासक सांगतात, मैलार नावाने हाच देव कर्नाटकात नांदतो. त्या बाजूचे दार मालिकेने किंचितही किलकिले केलेले मला दिसले नाही. मराठी अस्मितेला ते परवडले नसावे.

आणखी एक मौन आहे, ते अधिक अवघड. वाघ्या आणि मुरळी हे खंडोबाचे वाहिलेले भक्त. मुलगी देवाला वाहण्याच्या प्रथेविरुद्ध महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच आवाज उठविला होता. ज्या देवाच्या प्रीतीची कथा घरोघर रंगली, त्या देवाशी लग्न लागलेल्या मुलींचे पुढे काय होत असे, हा प्रश्न मी पाहिलेल्या भागांत कोठेही डोकावला नाही. कोणी म्हणेल, अद्भुतरम्य कथेला असले प्रश्न विचारू नयेत. मला ते मान्य नाही. अद्भुत कथाच असले प्रश्न सहज विचारू शकते. तिच्यात देव स्वतः उभा असतो, त्याला विचारता येते. एखाद्या मुरळीने एकदा तरी गडावर जाऊन देवाला दोन शब्द सुनावले असते, तर सगळ्या तेजोवलयांपेक्षा तो भाग अधिक लक्षात राहिला असता. चिनी मालिकेत तेवढे धाडस आहे. स्वर्गाच्या नियमांनी एका मर्त्य स्त्रीचे डोळे काढले, याचा जाब ती स्वर्गालाच विचारते.

‘जय मल्हार’च्या यशानंतर कोठारे व्हिजनने २०१७ मध्ये ‘विठू माऊली’ आणि २०२० मध्ये ‘दख्खनचा राजा जोतिबा’ या मालिका स्टार प्रवाहवर आणल्या. विठ्ठलाच्या कथेतही रुसलेली रुक्मिणी आहे आणि पंढरपुरात तिचे देऊळ वेगळे आहे. म्हणजे पेच तोच. ढेऱ्यांचे ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ (१९८४) हाती असताना त्या पेचातून काय काय काढता आले असते! परंतु तेजोवलये वाढली आणि माणसे कमी झाली. बानूच्या तोडीचे पात्र नंतर मला भेटले नाही.

एखाद्याने आज ‘जय मल्हार’ पाहावी का, असे विचारले तर मी सांगेन : म्हाळसेच्या लग्नाचे भाग पाहावेत, सारीपाट पाहावा, आणि चंदनपुरी संपूर्ण पाहावी. देव दुसऱ्याच्या दारात चाकर म्हणून राहतो, मेंढरे वळतो, मालकिणीची बोलणी खातो, आणि तिला त्याची ओळख नसते. या भागांत मालिकेला कसलीच घाई नाही आणि कसलाच आव नाही. गडावर परतल्यानंतरच्या भागांपैकी पहिले काही पाहून थांबावे. त्यानंतर शक्य असेल तर एखादे जागरण प्रत्यक्ष ऐकावे. म्हाळसा-बाणाईचा झगडा पहाटेच्या सुमारास, घोळ वाजत असताना, एकच मुरळी दोन आवाजांत म्हणते. आणि कोणता आवाज तिचा स्वतःचा, हे शेवटपर्यंत कळत नाही.